बारा व्होल्टचा जिना

शालू गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर सोसायटीच्या फळ्यावर आमचे सेक्रेटरी दळवी यांनी खडूने सुबक अक्षरात लिहून ठेवलं होतं, ‘कु. शालिनी सावंत, तिसरा मजला, यांची प्राणज्योत मालवली.’ बाजूला एक समई काढलेली, आणि तिच्या वातीतून धुराची रेघ वर निघालेली. मी दुधाची पिशवी कठड्याला अडकवली आणि पदराने सगळा फळा पुसून टाकला. आधी समई पुसली. दळवी तळमजल्यावरच राहतात. ते दारात येऊन म्हणाले, “वहिनी, अहो हे काय करताय?” मी म्हटलं, “मालवली म्हणे! संध्याकाळी लाइट गेली की जिन्यात येऊन उभे राहा, आणि मला दाखवा काय मालवलंय ते.” मग त्यांच्याच हातातला खडू घेऊन मी लिहिलं, ‘शालू काल वारली.’ एवढंच. तिला गोलगोल बोलण्याचा तिटकारा होता. ज्या वस्तूला जे नाव आहे त्या नावाने तिला हाक मारायची, असा तिचा हट्ट होता, आणि त्या हट्टापायी तिने आमच्या अख्ख्या बिल्डिंगला कामाला लावलं होतं.

याला आता पाच आठवडे झाले. अजून कोणी ना कोणी भेटायला येतं, पंख्याखाली बसतं, चहा पितं आणि म्हणतं, “बिचारी! ना संसार, ना मूल, मागे काहीच ठेवलं नाही हो तिने.” पहिले दोन आठवडे मी ऐकून घेतलं. आता घेत नाही. आता मी सरळ पाहुण्यांना गच्चीवर नेते. गुडघे दुखणारे असतील त्यांना निदान जिन्यातल्या दिव्यांच्या नळ्या तरी दाखवते. हा लेखही मी त्यासाठीच लिहितेय. रडायला नाही. रडायचं ते मी पहिल्या तीन दिवसांत उरकून घेतलंय.

शेवटची भेट झाली ती हॉस्पिटलात. तिच्या नाकात नळी होती, आवाज अगदी तळाला गेलेला. मी खाटेजवळ स्टूल ओढून बसले आणि नेहमीसारखं विचारलं, “कसं वाटतंय गं?” तिने डोळे उघडले. “माझं सोड. बॅटरीचं पाणी बघितलंस?” मी म्हटलं, “बघितलं. दोन खणांत कमी होतं, घातलं.” “कुठलं घातलंस?” “डिस्टिल्ड. बाटलीतलं. मी काय नवीन आहे का आता?” “काठोकाठ नाही ना भरलंस?” “नाही गं बाई…” तेव्हा कुठे तिने डोळे मिटले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाटलं, आम्ही मोटारगाडीबद्दल बोलतोय. त्यांनी मला हळूच विचारलं, कुठली गाडी आहे म्हणून. मी म्हटलं, “गाडी नाही, जिना आहे.” शालू डोळे मिटूनच हसली. ते तिचं मी पाहिलेलं शेवटचं हसू.

आम्ही दोघी एकाच महिन्यात भाईंदरच्या नवघरला राहायला आलो, दहा-अकरा वर्षांपूर्वी. मी गिरगावातल्या दोन खोल्या सोडून, ती लालबागची खोली सोडून. तेव्हा इथे नगरपालिका नवी, रस्ता कच्चा, आणि आमच्या बिल्डिंगला बाहेरून प्लास्टरही नव्हतं. बिल्डरने चाव्या दिल्या आणि तो जो गेला तो आम्हाला पुन्हा दिसला नाही. गच्चीवर गेलं की एका बाजूला मिठागरांचे पांढरे ढीग, दुसऱ्या बाजूला खारी गावाची कौलं, आणि मधे आमच्यासारख्याच अर्धवट उभ्या इमारती. बोअरचं पाणी इतकं खारं की त्यात डाळ शिजायची नाही. प्यायला टँकर. आणि वीज… वीज पाहुणीसारखी यायची, बसते न बसते तोच उठायची. दिवेलागणीलाच जायची आणि जेवणं उरकली की परत यायची.

शालू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. “ऑपरेटर का?” असं कोणी विचारलं की ती भडकायची. तिने इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला होता, आणि ती बसायची बॅटरीच्या खोलीत. वीज गेली तरी फोन चालू राहतात ते त्या खोलीच्या जिवावर, हे मला तिच्याकडूनच कळलं. तिच्या सगळ्या सुती साड्यांना निऱ्यांपाशी बारीक बारीक भोकं असायची. ॲसिडचा थेंब उडाला की तेव्हा काही दिसत नाही, धुतल्यावर भोक पडतं. मी एकदा म्हटलं, “अगं, रफू तरी करून घे.” तर म्हणाली, “कशाला? कुणाच्या साडीवर जरीची बुट्टी असते, माझ्या साडीवर ही आहे.” आणि तीच साडी नेसून ती आमच्या घरी हळदीकुंकवाला आली. बायका बघत राहिल्या, ती खुशाल तिळगूळ खात बसली.

तिची आई तिच्याबरोबर राहायची. राजापूरकडची, बारीक चणीची, बोलायला तिखट. सगळी बिल्डिंग तिला आजीच म्हणायची. आजीला संध्याकाळी घरात बसवत नसे. खारीहून मासे घेऊन ताराबाई यायची, ती खालच्या पायरीवर टोपली टेकायची, आणि आजी तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरून तिच्याशी घासाघीस करायची. मासे घ्यायचे असोत वा नसोत, ती घासाघीस झाल्याशिवाय दोघींनाही चैन पडायची नाही. अशीच एके संध्याकाळी ती उतरत असताना लाइट गेली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिची पायरी चुकली. आवाज ऐकून मी मेणबत्ती शोधून बाहेर येईपर्यंत ताराबाई अंधारात चाचपडत वर चढली होती आणि आजीचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होती, “अरं कुनी हाय का न्हाय? म्हातारी परली रं!” खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यानंतर आजी आपल्या पायांनी कधीच जिना उतरली नाही.

त्या रविवारी सोसायटीची सभा भरली. दळवींचं म्हणणं, डिझेलचा जनरेटर घ्यावा, पण आधी पाण्याची मोटर, मग गेटवरचा दिवा, आणि उरलंच तर जिना. कोणी म्हणालं, प्रत्येकाने आपापल्या दाराशी मेणबत्ती लावावी. आणि मागच्या रांगेतून एक आवाज आला, “तशी त्या वयात संध्याकाळी उतरायची गरजच काय होती?” मी शालूच्या शेजारी बसले होते. तिने माझ्या हातावरचा आपला हात उचलला. ती उठून उभी राहिली. “गरज होती,” ती म्हणाली. “तिला ताराबाईशी भांडायचं होतं. माणसाला संध्याकाळी खाली उतरून भांडावंसं वाटतं, ही गरजच आहे. जिना अंधारात ठेवायचा आणि म्हातारीला घरात कोंडायचं, हा कुठला न्याय? तुमचा जनरेटर तुम्ही मोटरीला लावा. जिना मी बघते. या जिन्यात पुन्हा अंधार होणार नाही. मी आहे तोवर नाही, आणि मी गेल्यावरही नाही.” दळवी हसले. “सावंतबाई, अंधार काय तुम्हाला विचारून होतो का?” शालू म्हणाली, “यापुढे विचारून होईल.”

एका प्रदर्शनात मांडून झालेली दोन सौर पॅनेलं कुठल्याशा गोदामात धूळ खात पडली होती. तिने त्या गोदामाच्या कचेरीत इतक्या खेपा घातल्या की शेवटी तिथला साहेब म्हणाला, बाई, घेऊन जा, पण तुम्ही पुन्हा येऊ नका. टेंपोत गोधड्यांवर आडवी घालून ती पॅनेलं नवघरला आली. गच्चीवर लोखंडी चौकट उभी राहिली, खाली पत्र्याच्या पेटीत दोन बॅटऱ्या बसल्या आणि बिल्डिंगमध्ये अफवांना ऊत आला. काचेवर वीज पडेल. टीव्हीत मुंग्या येतील. गच्चीवरच्या पापडांना विजेचा वास लागेल! शालूने सगळं ऐकून घेतलं आणि फळ्यावर लिहिलं, ‘रविवारी सकाळी गच्चीवर यावे. पापड घेऊन यावे.’

त्या रविवारी जे झालं त्याला वर्ग म्हणायचं की भांडण, मला अजून ठरवता आलेलं नाही. आम्ही आठ-दहा बायका पापड पसरत होतो आणि ती पाण्याच्या टाकीला टेकून उभी होती. “आधी शब्द शिका,” ती म्हणाली, “ज्याला नाव माहीत नाही तो दुकानात फसतो आणि सभेत गप्प बसतो.” आणि मग तिने टाकीवर थाप मारली. टाकी नवघरच्या बाईला शिकवावी लागत नाही. टाकी किती उंचावर आहे तो व्होल्ट, उंच टाकीचं पाणी जोरात येतं. नळाची धार किती जाड आहे तो अँपिअर. उंची आणि धार दोन्ही मिळून काम किती होतं, तो वॅट. आणि टाकीत एकूण किती हंडे मावतात? ते अँपिअर-अवर, बॅटरीवर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय बॅटरी घ्यायची नाही. पॅनेल म्हणजे टँकर, तो उन्हातच येतो. बॅटरी म्हणजे टाकी. माझ्या शेजारी हंसाबेन बसल्या होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्या. त्यांनी पापडावरचा हात न उचलता विचारलं, “लेकिन शालूबेन, रात को तो सूरज नहीं होता. फिर?” शालू म्हणाली, “रात को टँकर आता है क्या? फिर भी पानी पीते हो ना?” हंसाबेन अशा काही हसल्या की त्यांचा पापडच दुमडला.

पेटीजवळ भिंतीवर एक छोटी डबी होती, तिच्यावर सुईचा काटा आणि एक लाल दिवा. तो कंट्रोलर. शालूच्या भाषेत तो टाकीतला फ्लोट. टाकी भरली की वरून येणारं पाणी थांबवतो, आणि पाणी फार खाली गेलं की नळही बंद करतो. हे दुसरं कशासाठी, असं मी विचारलं. तिने मला उलट विचारलं, “टाकी पार रिकामी केलीस की शेवटी नळातून काय येतं?” मी म्हटलं, गाळ. “बॅटरीचंही तेच. तिला कधी तळापर्यंत उपसायची नाही. निम्मं वापरायचं, निम्मं राखायचं. जी रोज तळाशी जाते ती लवकर मरते.” जिन्यात तिने बारा व्होल्टवरच चालणाऱ्या छोट्या नळ्या लावल्या होत्या. इन्व्हर्टर लावून घरातल्याच मोठ्या ट्यूब का नाही लावत, असं दळवींनी गच्चीच्या दारातून विचारलं. ते वर्गाला आले नव्हते, फक्त दारात उभे होते. शालू म्हणाली, “इन्व्हर्टर म्हणजे दुभाषा. बॅटरी एक भाषा बोलते, तुमच्या घरातली ट्यूब दुसरी. मधे दुभाषा ठेवला की थोडं तो खाणारच. मला माझ्या जिन्याशी थेट बोलायचंय.”

पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीला लाइट गेली, तेव्हा बिल्डिंगमधली सगळी दारं उघडी होती. आजूबाजूच्या इमारती काळ्या झाल्या, आणि आमच्या जिन्यात चार नळ्या फडफडून लागल्या. आजीला आम्ही खुर्चीत बसवून दारापर्यंत आणली होती. ती बराच वेळ कठड्यावरून खाली बघत राहिली, जिथे पडली त्या वळणाकडे. मग म्हणाली, “इतकाच उजेड? मला वाटलं लग्नघरासारखा असेल गो.” शालू म्हणाली, “आई, पायरी दिसतेय ना?” आजी म्हणाली, “दिसतेय.” आणि खालून ताराबाईचा आवाज आला, “म्हातारे, उतरत न्हायस तं मीच वर येतंय!” त्या दिवसापासून ताराबाई टोपली घेऊन तिसऱ्या मजल्यावर यायला लागली, आणि घासाघीस पुन्हा सुरू झाली.

आता आमच्या हातून झालेला घोटाळा. तो सांगितला नाही तर शालू वरून मला शिव्या घालेल. त्या वर्षीच्या दसऱ्याला सगळ्या बायकांनी ठरवलं, आपण घरातल्या शिलाई मशीनची पूजा करतो, विळीची करतो, मग जी वस्तू रोज उजेड देते तिची नको करायला? शालूला सणाच्या दिवसांत एक्स्चेंजमध्ये ड्युटी होती, ती पहाटेच निघायची आणि अंधार पडल्यावर यायची, गच्चीवर जायला तिला सवडच नव्हती. आम्ही गच्चीवर गेलो. दोन्ही पॅनेलांवर हळदीकुंकवाची बोटं उमटवली, काचेवर स्वस्तिक काढलं, आणि झेंडूचे चांगले मनगटाएवढे जाड हार वरपासून खालपर्यंत आडवे-तिडवे घातले. हंसाबेननी नारळ फोडला. पॅनेलं इतकी देखणी दिसत होती की आम्ही मुलांना बोलावून दाखवली. हार कोणी काढला नाही. देवावरचा हार कोणी लगेच काढतं का?

दोन-तीन संध्याकाळी नळ्या मंद होत गेल्या, आणि मग एके दिवशी लाइट गेल्यावर जिन्यात एकही नळी लागली नाही. सगळ्या मजल्यांवरून “अरे!” असा एकच आवाज आला. दळवी टॉर्च घेऊन वर आले. त्यांच्या तोंडावर दुःख होतं असं मी म्हणणार नाही. “मी म्हणतच होतो,” ते म्हणाले, “ही असली खेळणी प्रदर्शनात ठीक असतात. रविवारी सभा बोलावतोय. ही चौकट गच्चीवरून काढायची आणि जनरेटर आणायचा.” शालू तेवढ्यात घरी पोचली होती. आतून आजीने विचारलं, “शालू, जिना गेला काय गो?” शालू म्हणाली, “नाही आई. नळ बंद झालाय. म्हणजे टाकीचा तळ वाचलाय. पाणी का आलं नाही तेवढं बघायचंय.”

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती गच्चीवर गेली आणि पाच मिनिटांत तिने अख्ख्या बिल्डिंगला हाका मारून वर बोलावलं. दळवींना खास नाव घेऊन. आम्ही वर गेलो तर ती पॅनेलासमोर कमरेवर हात ठेवून उभी. वाळलेले झेंडूचे हार तसेच होते. “कोणी घातले?” मग हंसाबेन म्हणाल्या, “सबने.” शालूने एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा हारांकडे, आणि ती खदखदून हसायला लागली. हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने आम्हा बायकांना एका ओळीत उभं केलं. “टँकर आला की आपण काय करतो? हंडे हातोहात देतो. मधल्या एकीने पदर सावरायला हात काढला तर?” “ओळ थांबते,” मी म्हटलं. “मग? हे काचेखालचे निळे चौकोन बघा, हे सेल. हे सगळे असेच एका ओळीत उभे आहेत, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात. याला सिरीज म्हणतात. एका चौकोनावर सावली पडली की त्याचा हात थांबतो, आणि त्याचा थांबला की सगळ्यांचा थांबतो. तुम्ही तर निम्म्यांच्या डोक्यावर झेंडू ठेवलात!”

“फुलांच्या हाराने काय होतंय?” दळवी म्हणाले. शालूने सगळे हार काढले, ओल्या फडक्याने हळदीकुंकू पुसलं, आणि डबीवरचा काटा सरकन वर चढला. तो आम्ही सगळ्यांनी पाहिला. मग तिने दळवींना पुढे बोलावलं. “तुमचा तळहात ठेवा इथे, कोपऱ्यावर.” त्यांनी ठेवला. काटा खाली. “उचला.” काटा वर. दळवींनी पुन्हा हात ठेवला, पुन्हा उचलला. मग नुसतीच दोन बोटं ठेवून पाहिली. मोठ्या माणसाला खेळणं मिळावं तसे ते बराच वेळ खेळत राहिले. सभा झाली नाही. शालूने फक्त एक फर्मान काढलं: पूजा करायची तर ती फडक्याने करायची. तेव्हापासून दसऱ्याला आम्ही बादली आणि जुनं धोतर घेऊन गच्चीवर जातो, मिठागरावरून उडून आलेली खारट धूळ पुसतो, आणि हळदीकुंकू लावतो ते खालच्या लोखंडी चौकटीला.

आजी त्यानंतर दोन वर्षं होती. गेली तीही दिवेलागणीला. तिला खाली आणायची वेळ झाली तेव्हा नवघरभर वीज नव्हती. खालून कोणीतरी कंदील घेऊन वर धावलं, पण कंदिलाची गरज पडली नाही. पुढच्या बाजूला दळवी होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते थांबले, खांदा बदलला आणि मागच्यांना म्हणाले, “सावकाश. इथे पायरी अरुंद आहे.” पायरी स्वच्छ दिसत होती. शालू माझ्या शेजारून उतरत होती, एक हात कठड्यावर. ती रडत नव्हती. ती प्रत्येक नळीकडे मान वर करून बघत उतरत होती. त्या दिवसानंतर सोसायटीत जनरेटरचा विषय निघाला नाही.

मग इन्व्हर्टरवाल्यांचा सुकाळ आला. भाईंदर स्टेशनच्या रस्त्याला ओळीने दुकानं लागली, घरोघर एजंट फिरायला लागले. आमच्या बिल्डिंगमध्ये आलेला एकही एजंट हसत परत गेला नाही, हे मी अभिमानाने सांगते. एकाने हंसाबेनना बॅटरी दाखवली. हंसाबेन चष्मा लावून तिच्या बाजूचं लेबल वाचायला लागल्या. “ये तो गाड़ी की है,” त्या म्हणाल्या, “एक बार ज़ोर से धक्का देनेवाली. हमको धीरे धीरे देनेवाली चाहिए, घंटों तक. कितने अँपिअर-अवर की है, बोलो.” तो म्हणाला, “माताजी, आप इंजिनियर हैं क्या?” हंसाबेन म्हणाल्या, “नहीं, मैं दूसरे माले पे रहती हूँ.” शालू हे ऐकून इतकी खूश झाली की तिने त्या दिवशी सगळ्यांना आंबोळ्या खाऊ घातल्या. “बघ,” ती मला म्हणाली, “आता मी नसले तरी चालेल.” मी तिला झापलं होतं. गेल्या वर्षी तिचं दुखणं कळलं, तेव्हा ते वाक्य आठवून मी स्वयंपाकघरात एकटीच पातेलं आपटलं.

दुखण्यातही तिने कोणाला कीव करू दिली नाही. पोटातलं दुखणं होतं, वाढतच जाणारं. ऑफिसातल्या बायका येऊन “कशी वाळलीस गं” म्हणाल्या की ती म्हणायची, “निम्म्यावर आहे. अजून तळ दिसत नाही.” चढण्याची ताकद होती तोवर ती स्वतः गच्चीवर यायची, पायरी-पायरीला थांबत. मग एके दिवशी तिने हायड्रोमीटर माझ्या हातात दिला. काचेची नळी, वर रबरी फुगा. बॅटरीच्या खणातलं ॲसिड ओढून घ्यायचं आणि आतला तरंगणारा दांडा कितपत वर येतो ते बघायचं. ॲसिड दाट असेल तर तो वर तरंगतो, म्हणजे बॅटरी भरलेली. पातळ असेल तर बुडतो. “रोज नको,” ती म्हणाली, “आठवड्यातून एकदा. आणि साडी जुनी नेस.” त्याच आठवड्यात माझ्या साडीला पहिलं भोक पडलं. मी ते तिला दाखवायला नेलं, तर तिने त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, “झालीस तू माझ्यातली…”

तेराव्याला तिचा भाचा आला, सगळं रीतसर झालं, लोक जेवून गेले. चौदाव्या दिवशी सकाळी पाणी बघायला म्हणून मी गच्चीवर गेले, आणि दारातच थबकले. पॅनेलावर हार. शेवंती आणि झेंडूचा, मधे गुलाब, चांगला मोठा, वरपासून खालपर्यंत. आणि बरोबर मध्यावर, काचेला चिकटवलेला तिचा फोटो. समोर दळवी उभे होते, आंघोळ करून, कपाळाला गंध, हात जोडलेले. डोळे लाल. मला बघून म्हणाले, “बिल्डिंगतर्फे आहे, वहिनी. मीच आणला दादरहून…”

फोटोत ती नेहमीसारखी त्रासिक चेहऱ्याने बघत होती, कोणीतरी चुकीचा शब्द वापरल्यासारखी. ऊन चढायला लागलं होतं. डबीवरचा काटा तळाला टेकला होता.

मी पुढे होऊन हाराला हात घातला. दळवी म्हणाले, “आजच्या दिवस तरी राहू दे हो.”

“आज तर मुळीच नाही,” मी म्हटलं. “आज लाइट जाणार आहे.”

मी हार उतरवला, फोटो सोडवला, आणि पदर खोचून बादली उचलली. मग त्यांनी बाह्या वर केल्या, माझ्या हातातलं फडकं घेतलं, आणि गुलाबाच्या पाकळ्यांचे डाग, फोटोच्या डिंकाचे डाग, कोपऱ्यातली धूळ, सगळं एकेक करून पुसलं. शेवटी त्यांनी तळहात एकदा कोपऱ्यावर ठेवला आणि उचलला. काटा खाली गेला, वर आला. हार आम्ही लोखंडी चौकटीला खाली बांधला, जिथे त्याची सावली कुठेच पडत नाही.

संध्याकाळी लाइट गेली. मी दार उघडून बाहेर आले. जिना होता तसा उजेडात होता, आणि खालून ताराबाई टोपली घेऊन चढत होती, आता माझ्याशी घासाघीस करायला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला उतरले, तर फळ्यावर नवीन सूचना होती. तेच सुबक अक्षर, पण या वेळी समई नव्हती. ‘गच्चीवरील पॅनेलवर हार, फुले, फोटो घालू नयेत. सेल सिरीजमध्ये आहेत. सेक्रेटरी.’

ही सूचना मी पुसली नाही. तीन आठवडे झाले, खडू फिका पडला की दळवी पुन्हा गिरवतात.